भीतीची पिशवी

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. ती त्याच मध्यरात्रीपासून लागू व्हायची होती. मी पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे धावलो. घरात पंधरा दिवसांचे धान्य होते. तरीही मी दहा किलो तांदूळ आणि पाच किलो तूरडाळ घेतली. पुढच्याने घेतले म्हणून मी घेतले. माझे पाहून मागच्याने घेतले. रांगेच्या शेवटी धुणीभांडी करणारी एक बाई उभी होती. तिने रोजच्यासारखी पाव किलो डाळ मागितली. डाळ संपली होती. तिच्या वाट्याची डाळ माझ्या पिशवीत होती.

ही कबुली मी मुद्दाम देतो आहे. महामारीतल्या अशा खरेदीला 'लोकांचा अडाणीपणा' म्हणून मोकळे होण्याची आपल्या विचारवंतांना सवय आहे. पण त्या रांगेत अडाणी कोण होते? भीती सर्वांनाच वाटते. तिला बाजारात जायला मात्र पैसे लागतात. महिन्याचा पगार घेणाऱ्याची भीती साठा करते. रोजंदारीवाल्याची भीती रिकाम्या हाताने घरी परतते.

धान्य देशात नव्हते असेही नाही. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी गोदामांत ठरलेल्या निकषाच्या दुपटीहून अधिक साठा होता. घाबरलेला बाजार कसा वागतो, हेही सरकारला ठाऊक होते. म्हणून तर १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंत घातले आणि २१ मार्चला त्यांच्या किमती बांधून दिल्या. तरीही लोकांना वेळ मिळाला तो चार तासांचा. 'घाबरू नका' हे भाषण संपल्यावर सांगावे लागले. मोफत धान्याची घोषणा २६ मार्चला झाली, तीही रेशनकार्डधारकांसाठी. कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांच्या धान्याची घोषणा व्हायला १४ मे उजाडला. टाळेबंदीच्या घोषणेला तेव्हा ५१ दिवस झाले होते.

उद्या दुकानदार आपल्याला माल देईल का, ही धास्ती मध्यमवर्गाला नवी होती. आमच्या समाजाला ती जुनी आहे. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना दुकानदार जीवनावश्यक वस्तू विकत नाहीत, अशा बहिष्काराची नोंद या समितीच्या १९३० च्या अहवालात आहे. तिथे माल असून नाकारला जात होता, तो जातीच्या हुकुमाने. २०२० साली हुकूम कोणीच दिला नव्हता. तरी रिकाम्या हाताने परतणारी माणसे बहुतेक तीच होती.

म्हणून त्या रात्रीचा इतिहास लिहिताना केवळ गर्दीचे मन तपासून भागणार नाही. कोणाच्या घरी साठवायला डबा होता आणि कोणाचे पोट रोजच्या पुडीवर चालत होते, हे आधी विचारावे लागेल. ती डाळ मला चार महिने पुरली. त्या रात्री तिच्या घरी काय शिजले, हे मी कधी विचारले नाही.