वसई प्रांतांतील शेतकऱ्याचें घर : एक उपेक्षित साधन

वसईचा इतिहास म्हटला कीं किल्ला, इ. स. १५३४ चा तह आणि १७३९ मधील चिमाजीआप्पांचा विजय यांचेंच स्मरण होतें. त्या विजयाच्या घंटा नाशिकास नारोशंकराच्या देवळांत, मेणवलीस व भीमाशंकरास आजहि पाहावयास मिळतात. परंतु हा प्रांत ज्या उत्पन्नावर नांदला, त्याचा इतिहास किल्ल्यांत नसून वाडींतील घरांत आहे.

निर्मळ-वाघोलीच्या टापूंतील असें एक जुनें, धन्यानें जतन केलेलें घर नुकतेंच पाहण्यांत आलें. पुढें ओटी, आंत माजघर व वर माडी अशी त्याची मांडणी आहे. छपरास मंगळुरी कौलें आहेत. बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना १८६५ सालीं काढिला. तेव्हां हें छप्पर त्यानंतरचें, हें उघड आहे. मात्र तेवढ्यावरून खांब व जोतेंहि तितकेंच अर्वाचीन ठरविणें युक्त नव्हे. छप्पर बदलतें, जोतें राहतें.

माडीवर भाताचा पेंढ्यानें आवळलेला मुडा ठेविला आहे. सिमांव बोतेल्यू यानें १५५४ सालीं पोर्तुगीज अमलांतील उत्पन्नाची जी नोंदवही सिद्ध केली, तींत वसईकडील वसूल 'मुरा' आणि 'बाते' या शब्दांनीं मांडिला आहे. हे आपले मुडा व भात होत. राज्यकर्ता परका आला, तरी माप रयतेचेंच राहिलें.

घरामागें बावखल आहे. 'बाव' हें संस्कृत वापीचें रूप. तसाच रहाट हा अरघट्टाचा व वाडी ही वाटिकेची वंशज. येथील रेताड भूमींत पावसाचें गोडें पाणी हलकें म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतें. बावखल तें सांठवून विहिरींस पाझर पुरवी; बैलाचा रहाट सावकाश उपसा करी, आणि रात्रींत झरे पुन्हा भरत. राजेळी केळीं, त्यांची उन्हांत वाळविलेली सुकेळीं, पानवेली, फुलें हें सर्व वैभव या मंद गतीवर उभें होतें. पंपाचा उपसा पाझराहून शीघ्र झाला, कीं खालचें खारें पाणी वर चढतें आणि बागाईत सुकते.

वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं झाली. तत्पूर्वींपासूनच वाड्यांच्या जागीं इमारती उठत असून कित्येक बावखलें बुजलीं आहेत. कागद जळाल्यास त्याची नक्कल क्वचित् सांपडते. बुजलेल्या बावखलाची नक्कल नसते. म्हणून अशा प्रत्येक घराचें मोजमाप, छायाचित्रें, जमिनीचे दाखले व वृद्धांच्या तोंडचे शेतीचे शब्द एकत्र टिपले पाहिजेत. यास विद्वत्तेपेक्षां पायपिटीची गरज अधिक आहे. तालुक्यांतील शिक्षकांनीं एकेक गांव वांटून घेतल्यास हें कार्य दुष्कर नाहीं. विलंब झाल्यास मात्र तें अशक्य होईल.