क्रॉस आणि हाफ शाफ्ट
१२. क्रॉस : माणातल्या गॅरेजांत जीपच्या प्रोपेलर शाफ्टवरच्या युनिव्हर्सल जॉइंटला हेच म्हणतात. कोनात फिरताना तो वेग सारखा देत नाही. कोन २० अंशांचा असेल, तर इंजिनाकडून मिनिटाला १,००० फेरे एकसारखे येत असतानाही पुढची बाजू दर फेऱ्यात दोनदा सुमारे ९४०पर्यंत मंदावते, दोनदा १,०६४पर्यंत धावते. दोन टोकांच्या क्रॉसचे कोन समान आणि शाफ्टवरचे योक एका रेषेत असले, तरच हा हेलकावा कटतो. मिस्त्री शाफ्ट सोडवण्याआधी खडूने खूण करतात, ती यासाठी.

शर्यतीच्या ट्रॅकवरच्या गाडीतही शाफ्ट कोनात फिरतो; शिवाय चाक स्वतंत्रपणे वरखाली होते, त्यामुळे डिफरन्शियलपासूनचे अंतरही बदलते. म्हणून हाफ शाफ्टला डिफरन्शियलकडे बहुधा सरकणारा ट्रायपॉड, चाकाकडे सहा गोळ्यांचा सीव्ही, म्हणजे वेग सारखा देणारा, जॉइंट. विद्यार्थ्यांच्या शर्यती गाड्यांत मारुती ८००चे जॉइंटही बसवले गेले आहेत. शाफ्टचा मधला दांडा स्प्लाइनच्या दात्यांच्या मुळापेक्षा किंचित बारीक ठेवतात : पीळ लांब दांड्यावर पसरतो, दात्यांपाशी चीर पडत नाही. कोन वाढला की जॉइंट तापतो, ग्रीस पातळ होते; त्यामुळे गाडी जमिनीलगत बसवताना डिफरन्शियलची उंचीही पुन्हा तपासावी लागते. — संपादक