ग्राफिक्स कार्डावरच्या पाण्याचं कूळ

आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप जेमतेम ६ चौरस सेंटिमीटरची. कार्ड पूर्ण भारावर चाललं की ४५० वॅट वीज खातं, आणि तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती वेळेवर हलवली नाही, तर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. कंपनीने बसवलेला कूलर दोन-तीन पंखे लावून हे काम करतो. कार्ड जाडजूड होतं आणि पंखे घोंघावतात. म्हणून घरी संगणक जुळवणारे काही जण तो कूलर उतरवतात आणि त्याजागी चिपवर टेकणारा, आतून पाणी वाहणारा तांब्याचा वॉटर ब्लॉक, नळ्या, पंप आणि रेडिएटर बसवतात. ही सामग्री आज झगमगत्या खोक्यांतून मिळते, त्यामुळे ती गेमिंगच्या जगातच जन्मली असं वाटतं. प्रत्यक्षात ब्लॉक सोडला तर तिच्यातला एकही भाग मुळात संगणकासाठी झालेला नाही. ते भाग निरनिराळ्या घरांतून आले आणि त्यांना एकत्र आणलं ते हौशी माणसांनी.

आधी पाणीच का, ते पाहू. ४५० वॅट उष्णता १० अंशांच्या वाढीत वाहून न्यायची, तर मिनिटाला दोन हजार लिटरहून जास्त हवा लागते. त्याच कामाला पाणी लागतं मिनिटाला पाऊण लिटरपेक्षा कमी. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. घरच्या संचात पाणी मिनिटाला चार लिटरच्या आसपास फिरतं. त्या वेगाने कार्डातून जाताना ते दीड-पावणेदोन अंशच तापतं. म्हणून वाटेत आधी रेडिएटर हवा की आधी कार्ड, या वादात फारसा दम नाही. पंपाच्या तोंडाशी पाण्याची टाकी असली म्हणजे झालं.

हे गणित मोठ्या संगणकांच्या निर्मात्यांना फार आधी पटलं होतं. १९६०च्या दशकात आयबीएमने सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये हवेच्या वाटेवरच पाणी फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळ्या बसवल्या होत्या, म्हणजे सर्किटवरून तापून आलेली हवा पुढच्या सर्किटवर जाण्याआधी थंड व्हावी. पुढचं मोठं पाऊल १९८०च्या आयबीएम ३०८१ मध्ये पडलं. त्यात ९ सेंटिमीटर चौरस सिरॅमिकच्या पाटीवर शंभराहून अधिक चिप बसवलेल्या असत. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक धातूचा दट्ट्या, मधल्या फटींत उष्णता पुढे सरकवणारा हेलियम वायू आणि सगळ्यांच्या वर पाण्याने थंड केलेली पाटी. अशा एका जोडणीतून सुमारे ३०० वॅट उष्णता काढली जाई. एका अख्ख्या महागड्या मेनफ्रेमच्या एका भागासाठी एवढा खटाटोप होता, आणि आज घरातलं एकटं कार्ड त्याच्या दीडपट तापतं.

त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीज यांनी निराळी वाट शोधली. त्यांचा १९८१चा निबंध छोटा आहे, पण आजचा प्रत्येक ब्लॉक त्याच्या वंशातला. त्यांनी सिलिकॉनमध्येच सुमारे ५० मायक्रॉन रुंद आणि ३०० मायक्रॉन खोल अशा चऱ्या कोरल्या आणि त्यांतून पाणी सोडलं. एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट उष्णता बाहेर काढून दाखवली. मुद्दा असा की वाट जितकी अरुंद, तितका पाण्याचा थर पातळ आणि उष्णतेला भिंतीपासून पाण्याच्या मध्यापर्यंत जायचं अंतर कमी. आजच्या ब्लॉकमध्ये या चऱ्या तांब्यात असतात. धारदार पातं तांब्याच्या एकसंध ठोकळ्यातून पातळ पापुद्रा सोलतं आणि तो न तोडता उभा करतं. असे डझनावारी पापुद्रे शेजारी शेजारी उभे राहिले की त्यांच्यामधल्या फटींतून पाणी धावतं. पापुद्रा आणि तळ यांच्यामध्ये सांधा नसतो, म्हणून उष्णता कुठेही अडत नाही.

मग मोठ्या संगणकांनी पाणी सोडलं. आयबीएम बायपोलर प्रकारच्या चिप सोडून सीमॉस चिपकडे वळली, वीज कमी लागू लागली आणि १९९४पासूनचे तिचे नवे मेनफ्रेम हवेवर थंड होऊ लागले. नळ्या, शीतकरण यंत्रं, गळतीची भीती, सगळंच मागे पडलं.

त्यानंतर काही वर्षांतच पाण्याने घरात पाऊल ठेवलं. १९९८मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. त्याच्या बसचा, म्हणजे बाकी भागांशी बोलण्याच्या वाहिनीचा, वेग ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर चालू शके. वेग वाढवण्याची गोडी लागलेल्या तरुणांना आता थंडावा हवा होता आणि त्यांच्यासाठी काहीच तयार मिळत नव्हतं. त्यांनी ते शोधलं भंगारात, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात आणि प्लंबरच्या सामानात.

रेडिएटर मोटारीतून आला. त्याचं मूळ विल्हेल्म मायबाखकडे जातं. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीजसाठी, ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी, त्याने ६ मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० नळ्या एकत्र सांधून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढला आणि थोडं पाणी पुरू लागलं. हौशींनी उचलला तो मात्र त्याचा धाकटा भाऊ, गाडीच्या आतली हवा गरम करणारा हीटर कोअर. थंड हवेच्या देशांत तो प्रत्येक गाडीत असतो. अमेरिकेतल्या भंगारवाल्यांकडे जुन्या शेवेट आणि बॉनव्हिल गाड्यांचे हीटर कोअर स्वस्तात मिळत. त्यावर १२ सेंटिमीटरचे पंखे बसवले की काम भागे.

पंप आधी आला माशांच्या टाकीतून. जर्मनीतल्या हौशींचा भर एहाइमच्या पंपांवर होता. ते रात्रंदिवस चालायलाच केलेले, शांत आणि टिकाऊ. पण ते भिंतीतल्या विजेवर चालत, त्यामुळे संगणक सुरू झाला आणि पंपाचं बटण राहून गेलं तर चिप भाजे. मग रिले लावून दोन्ही एकदम सुरू करण्याची सोय आली. पुढे १२ व्होल्टवर चालणारा लाइंग डी५ आला आणि हा प्रश्न संपला. निकोलाउस लाइंग या जर्मन संशोधकाची ही रचना घरातलं गरम पाणी फिरवण्यासाठी होती. तिच्यात फिरणारा भाग एका सिरॅमिक गोळीवर टेकलेला अर्धगोल असतो. त्याला आस नाही, म्हणून आसेभोवतीची सीलही नाही. चुंबकीय क्षेत्र धातूच्या पातळ भिंतीतून पलीकडे पोचतं. गळायला जागाच ठेवलेली नाही, आणि संगणकात याहून मोलाचा गुण नाही.

जोडांचे आटे तर त्याहून जुने. ब्लॉकच्या भोकांना जे आटे असतात त्यांचं माप जी पाव इंच, बाहेरचा व्यास १३.१५७ मिलिमीटर. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचं जे प्रमाण मांडलं, त्याच घराण्यातलं हे नळाचं माप. आपल्या न्हाणीघरातल्या नळांचे आटेही त्याच कुळातले. फरक इतकाच की इथे पाणी आटे अडवत नाहीत, त्यांच्या बुडाशी दाबली जाणारी रबरी ओ-रिंग अडवते. म्हणून जोड हातानेच घट्ट करतात. पान्याने आवळला तर ॲक्रिलिकचा ब्लॉक तडकतो.

ग्राफिक्स कार्डाची पाळी जरा उशिरा आली. १९९८च्या व्हूडू २ कार्डांवरच्या चिप बहुधा उघड्याच असत. १९९९च्या जीफोर्स २५६ वर छोटा पंखा आला आणि पुढे वॅट वाढतच गेले. कार्ड थंड करणं प्रोसेसरपेक्षा अवघडही होतं. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीची भोकं ठरलेली असतात, म्हणून एक ब्लॉक वर्षानुवर्षं चालतो. कार्डावर मात्र चिपखेरीज मेमरी आणि वीज नियंत्रित करणारे घटकही तापतात, आणि प्रत्येक कंपनी ते आपापल्या जागी मांडते. सगळ्यांना झाकणारा पूर्ण ब्लॉक त्याच एका कार्डाच्या मापाचा असतो, आणि कार्ड गेलं की तोही गेला. चिप बनवणाऱ्या कंपनीने स्वतः पाणी घेतलं ते २०१४च्या रेडिऑन आर९ २९५एक्स२ या ५०० वॅटच्या, दोन चिपच्या कार्डात आणि २०१५च्या फ्युरी एक्समध्ये, बंद संचाच्या रूपात.

ब्लॉक बसवणाऱ्याचं काम सोनाराच्या हाताचं आहे. चिपवरची उष्णता वाहणारी जुनी पेस्ट पुसायची, मेमरीवर नेमक्या जाडीचे पॅड ठेवायचे. पॅड अर्धा मिलिमीटर जास्त जाड असला तर ब्लॉक चिपला टेकतच नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे फिरवत आवळायचे. मग मदरबोर्डाला वीज न देता, फक्त पंप चालेल अशी जोडणी करून, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून संच काही तास चालू द्यायचा. कागद कोरडा राहिला तरच पुढे जायचं. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधीच लावायचा नाही; पाण्यात या दोन धातूंची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधक आणि शेवाळरोधक घालायचं. ही सगळी शिस्त हौशींनी आपली कार्डं गमावून कमावली.

आपल्याकडे आणखी एक नियम पाळावा लागतो. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विदर्भात मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर नीट जुळवलेल्या संचातही पाणी ५० अंशांच्या घरात जातं, आणि पंप व पीईटीजी प्लास्टिकच्या नळ्यांची सहनशक्ती ६०च्या आसपास संपते. तिथे एक रेडिएटर जास्त घेणं ही चैन नाही. कोकणातल्या दमट हवेचं मात्र भय नको. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होतच नाही, म्हणून नळीवर दव धरत नाही.

आता पाणी मोठ्या संगणकांकडे परत गेलं आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९मध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक थेट चिपवर पाणी नेऊन थंड केला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची एनव्हिडियाची मोठी कपाटं पाण्याशिवाय चालतच नाहीत. डेन्मार्कची असेटेक आणि कॅनडाची कूलआयटी या कंपन्या गेमिंगच्या संगणकांसाठी कूलर करता करता मोठ्या झाल्या आणि त्याच कसबाच्या बळावर डेटा सेंटरमध्ये शिरल्या. मेनफ्रेमवाल्यांनी पाणी बाजूला ठेवलं, त्या काळात लहान पंप, छोट्या चऱ्या आणि न गळणारे जोड सुधारत राहिले ते घरच्या टेबलांवर, दोन-चार अंशांसाठी रात्री जागणाऱ्यांच्या हातून. या तंत्राच्या इतिहासात मायबाख, टकरमन, लाइंग यांची नावं राहतील, राहायलाच हवीत. भंगारातला हीटर कोअर माशांच्या पंपाला जोडून पाहणाऱ्यांची नावं कुठल्याही पेटंटवर नाहीत, तरी कार्डावर पाणी पोचवण्याचं श्रेय आधी त्यांचं आहे.