बर्फातली उघडी जमीन

श्रोतेहो, कुहीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा गावच्या माणसाने अंटार्क्टिकावर बोलावे, याची तुम्हाला गंमत वाटेल. पण एका उत्तराचे कर्ज माझ्या डोक्यावर आहे.

गोष्ट जानेवारी १९८२ ची. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजाने निघाले आणि ९ जानेवारीला अंटार्क्टिकावर उतरले. आम्हाला बातमी कळली ती रेडिओवरून. मी तेव्हा नुकताच भूगोल शिकवू लागलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा टांगला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, बर्फाखाली जमीन आहे म्हणता, मग ती कुठेच उघडी नाही का?” मी म्हणालो, “नाही रे, सगळा बर्फच. बस खाली.”

माझे उत्तर चुकीचे होते. हे मला कळायला पुष्कळ वर्षे लागली.

अंटार्क्टिकाचा उघडा भाग शंभरातला एक हिस्साही भरत नाही, पण तो आहे. डिसेंबर १९०३ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे दोन सोबती बर्फाच्या पठारावरून परतताना एका दरीत उतरले. तिथे बर्फ संपला. पायाखाली वाळू, दगडगोटे आणि वितळलेल्या पाण्याचा ओहोळ! आज या भागाला मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या म्हणतात. डोंगरांनी पठाराचा बर्फ अडवलेला, आणि जे थोडे हिम पडते तेही कोरडे वारे उडवून नेतात.

आपल्या देशाचा संबंध आला तो अशाच दुसऱ्या, पुष्कळ लहान जागेशी. १९३९ च्या सुरुवातीला एका जर्मन मोहिमेतील वैमानिक शिर्माखर यांना विमानातून बर्फात काळसर टेकड्या आणि तळी दिसली. त्यांच्याच नावाने ती जागा ‘शिर्माखर ओअॅसिस’ म्हणून ओळखली जाते. वाळवंटात ओअॅसिस हिरवळीचे असते. इथे ते खडकाचे आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३५ चौरस किलोमीटर, तळी मात्र शंभरावर. दक्षिणेकडून सरकत येणारा बर्फ या टेकड्या थोपवून धरतात. गडद खडक उन्हाळ्यात ऊन शोषतो, भोवतालचे हिम वितळते, आणि त्या ओलाव्यावर शेवाळ व दगडफूल तग धरून राहते.

उघड्या जमिनीची किंमत आपल्याला अनुभवाने कळली. पहिले स्थानक ‘दक्षिण गंगोत्री’ १९८३-८४ मध्ये उभे राहिले, पण बर्फावर. दरवर्षी साचणाऱ्या हिमाखाली ते गाडले जाऊ लागले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. त्याआधीच शिर्माखरच्या खडकावर ‘मैत्री’ उभे राहिले होते. समोर तळे, पायाखाली पक्का दगड. जमीन म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शास्त्रज्ञांना ते बर्फाने शिकवले.

दक्षिण गंगोत्री बांधणाऱ्या त्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया होत्या. सागरशास्त्रज्ञ आदिती पंत यांचा जन्म आपल्या नागपूरचा. दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता, भूवैज्ञानिक. शिर्माखरच्या खडकांचा त्यांनी अभ्यास केला. भूवैज्ञानिकांना अशा जागेचे अप्रूप असणारच. इतरत्र खडकावर बर्फाचा किलोमीटरभर, कुठे त्याहूनही जाड थर आहे. खंडाच्या पुस्तकाची जी थोडी पाने उघडी आहेत, ती इथे.

त्या पानांत आपलेही नाव आहे. १९१२ मध्ये स्कॉट दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावले. त्यांच्या तंबूजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. प्राण कंठाशी आले तरी त्यांनी ते टाकले नव्हते. वाटेत एका हिमनदीकाठच्या उघड्या खडकांतून गोळा केलेल्या त्या दगडांत ‘ग्लोसोप्टेरिस’ या झाडाच्या पानांचे ठसे निघाले. हेच ठसे आमच्या शेजारच्या उमरेडच्या कोळशाच्या थरांत मिळतात. हा कोळसा बनला तेव्हा विदर्भ आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी दिलेले ‘गोंडवन’ हे नाव आपल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच आले. एवढेच नव्हे, तर कोळशाच्या आधी इथेही हिमनद्या होत्या. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडीच्या खडकावर त्यांनी ओढलेल्या रेघा भूवैज्ञानिकांना एकोणिसाव्या शतकातच दिसल्या होत्या.

एकाच घरातली ही दोन भावंडे. उमरेडच्या भावाला आपण खणून काढले. त्याने वीज दिली आणि मागे खोल खड्डेही ठेवले. दक्षिणेकडच्या भावाच्या पोटातही कोळसा आहे, पण १९९१ च्या माद्रिद कराराने तिथे खाणकामाला बंदी घातली. भारताने तो करार मान्य केला आणि २०२२ मध्ये स्वतःचा कायदाही केला. तरीही धोका टळलेला नाही. प्रत्येक देशाला स्थानकासाठी पक्की जमीन हवी असते, आणि ती तर मूठभर. शिर्माखरवर ‘मैत्री’पासून काही किलोमीटरवर रशियाचेही स्थानक आहे. बुटाखाली चिरडलेले शेवाळ पुन्हा धरायला तिथे कित्येक वर्षे जातात.

गेल्या हंगामात मिरचीच्या बाजारात तो मागच्या बाकावरचा मुलगा भेटला. आता तोही आजोबा झाला आहे. मी म्हणालो, “अरे, तुझा प्रश्न बरोबर होता. उघडी जमीन आहे तिथे.”

त्याने पोत्याचे तोंड बांधता बांधता विचारले, “किती असेल, सर?”

“आपले लोक आहेत तिथली म्हणशील, तर साडेआठ हजार एकर.”

तो जरा थांबला. “म्हणजे आपल्या इकडच्या चार-सहा गावांची शेती. मग जपून वापरा म्हणावं.”

त्याचा निरोप मी आज या माध्यमातून पोचवतो आहे.