शंभरातले ब्याऐंशी कुठे गेले?

आजचा भाग आकड्यांचा आहे, आणि आकडे कानावरून चटकन निसटतात. म्हणून या वेळी लेखी रूपात थोडी हिशेबाची मांडणी वाढवली आहे. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनीही मधला भाग एकदा डोळ्यांखालून घालावा.

सुरुवात माझ्या कामापासून करतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एक तक्ता रोज सकाळी उघडला जातो. ॲप किती जणांनी उघडलं, त्यातले किती पुढच्या पानावर गेले, किती शेवटपर्यंत पोचले. नरसाळ्यासारखा आकार. वर शंभर ओतले तर खाली किती उतरले? आणि बैठकीत पहिला प्रश्न एकच असतो: गळती कुठे होतेय?

आता गंमत बघा. 'गळती' हाच शब्द आपल्याकडे शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी वापरतात. आणि हा नरसाळ्याचा हिशेब मुंबईच्या कायदेमंडळात एका माणसाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. तारीख १२ मार्च १९२७. विषय, शिक्षणावरच्या खर्चाची मागणी. आणि बोलणारे सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, महाड आठवतं. पण त्या दिवशी सभागृहात उभा असलेला पस्तीस वर्षांचा माणूस अर्थशास्त्रज्ञ होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी. एस्सी. मिळवलेला. सरकारने नेमलेला सभासद म्हणून त्याच सुमारास कायदेमंडळात आलेला. आणि हातात काय होतं? सरकारचेच शिक्षण अहवाल. नवं सर्वेक्षण नाही, गुप्त कागद नाहीत. जे आकडे सगळ्यांच्या टेबलावर पडलेले होते, तेच. त्यांनी फक्त ते वेगळ्या रीतीने वाचले. आजचा सगळा भाग त्या वाचण्याबद्दल आहे.

सरकारी अहवालाची सवय काय असते? यंदा शाळा इतक्या, विद्यार्थी इतके, गेल्या वर्षीपेक्षा वाढ इतकी. आकडा मोठा दिसतो, सगळे खूश. बाबासाहेबांनी पहिला प्रश्न वेगाचा काढला. या गतीने चाललो तर शाळेच्या वयाचा प्रत्येक मुलगा शाळेत यायला ४० वर्षं लागतील, आणि प्रत्येक मुलगी यायला ३०० वर्षं. म्हणजे बघा, 'वाढ होतेय' हे वाक्य खोटं नव्हतं. पण तीनशे वर्षं म्हटल्यावर त्या वाक्याची हवाच निघून जाते.

दुसरा प्रश्न पैशाचा. इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च १४ आणे. आणि दारूवगैरेवरच्या अबकारी करातून सरकारला माणशी मिळकत दोन रुपयांहून जास्त. त्यांचं म्हणणं साधं होतं: लोकांकडून अबकारीत जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. पुढे हेही दाखवलं की कला महाविद्यालयांच्या खर्चातला ३६ टक्के आणि हायस्कुलांच्या खर्चातला ३१ टक्के हिस्सा फीमधून येतो. म्हणजे ज्याच्या खिशात फी नाही, त्याच्यासाठी दार आधीच अर्धं लावलेलं.

हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण मी ज्यासाठी हा भाग केला, तो आकडा तिसरा. प्राथमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. उरलेली ८२ मुलं मध्येच गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात.

शंभरातली ब्याऐंशी! आणि ही शाळेत न गेलेली मुलं नाहीत हं. ही नाव घातलेली मुलं आहेत. पटावर होती, अहवालात 'विद्यार्थी' म्हणून मोजली गेली होती. त्यांच्या जिवावर 'वाढ' दिसत होती. बाबासाहेबांचा मुद्दा असा की प्राथमिक शाळेचा हेतूच मुळी हा आहे, की आत आलेलं मूल बाहेर पडताना साक्षर असावं आणि आयुष्यभर साक्षर राहावं. हेतू हा असेल तर मोजायचं काय? दारातून आत किती आले ते नाही, तर काही घेऊन बाहेर किती पडले ते.

आता चौथा हिशेब, आणि इथे थोडा वेळ थांबू. सरकारी अहवालात लोकसंख्येचे चार गट केले होते. पुढारलेले हिंदू. मधला वर्ग, म्हणजे मराठा आणि त्यासारख्या जाती. मागासलेला वर्ग, ज्यात अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमाती. आणि मुसलमान. त्या त्या गटाच्या लोकसंख्येमागे शिकणारे किती, हे त्यांनी वाचून दाखवलं.

प्राथमिक, दर हजारी: पुढारलेले ११९, मुसलमान ९२, मधला वर्ग ३८, मागासलेले १८. (हा १८ वेगळा आणि मघाचा १८ वेगळा, गोंधळ करू नका.)

माध्यमिक, दर लाखी: पुढारलेले ३,०००, मुसलमान ५००, मधला वर्ग १४०, मागासलेले १४.

कॉलेज, दर दोन लाखांमागे: पुढारलेले १,०००, मुसलमान ५२, मधला वर्ग १४, आणि मागासलेले जवळजवळ शून्य.

तुमच्या लक्षात आलं असेल, तिन्ही ओळींचा पाया वेगळा आहे. हजार, लाख, दोन लाख. मी एका रविवारी बसून सगळं एकाच पायावर आणलं, दर लाखी. पुढारलेल्यांचे प्राथमिकला ११,९०० आणि माध्यमिकला ३,०००. म्हणजे प्राथमिकच्या दर चार मुलांमागे माध्यमिकला एक. मुसलमानांमध्ये अठरा-एकोणीस मुलांमागे एक. मधल्या वर्गात सत्तावीस मुलांमागे एक. मागासलेल्या वर्गात प्राथमिकला १,८०० आणि माध्यमिकला १४. म्हणजे जवळपास १२९ मुलांमागे एक.

आता हाच तक्ता आडवा वाचा. प्राथमिक शाळेत पहिल्या आणि शेवटच्या गटातलं अंतर साडेसहा पटींचं आहे. वाईट आहे, पण कुणी म्हणेल की हळूहळू भरून निघेल. माध्यमिकला तेच अंतर २१४ पटींचं होतं. म्हणजे शाळेची एकेक पायरी चढताना अंतर कमी होत नव्हतं, फुगत होतं. शाळा ही सगळ्यांना एका पातळीवर आणणारी जागा आहे असं आपण मानतो. इथे ती चाळणीसारखी चालत होती.

एक प्रामाणिक सूचना. हा एकाच काळाचा फोटो आहे. माध्यमिकची १४ मुलं ही त्याच १,८०० मधली नव्हेत, आणि प्राथमिकची वर्षं किती, माध्यमिकची किती, यावरही प्रमाण हलतं. तेव्हा '१२९ मधला एकच पास झाला' असं कुणाला सांगू नका. पण चारही गटांचे फोटो एकाच कॅमेऱ्याने काढलेले आहेत, त्यामुळे त्यांची आपसातली तुलना टिकते.

बरं, हे आधी कुणाला दिसलंच नव्हतं का? दिसलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात मूळ तक्रार हीच होती: महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचं गृहीतक त्यांनी फेटाळलं आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. पंचेचाळीस वर्षांनी बाबासाहेबांचा तक्ता त्याच गृहीतकाचा निकाल सांगत होता. झिरपलं किती? लाखात चौदा.

इथपर्यंत आकड्यांचं कौतुक झालं. आता दुसरी बाजू.

तक्त्यातल्या त्या शून्याकडे बघा. शून्य म्हणजे काय? कुणी आलंच नाही, की आलेल्याला परत पाठवलं? आकडा दोन्हीसाठी एकच. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला, म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचं उत्तर साधारण असं होतं: न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे खरा, पण एका मुलाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडतील, मग शाळेचा उपयोग काय? हे प्रकरण पुढे कलकत्त्याला आणि थेट लंडनपर्यंत गेलं. पण त्या वर्षीच्या कुठल्याही तक्त्यात तो मुलगा कुठे दिसेल? शून्यात. जणू तो त्या दारात उभाच राहिला नव्हता. १९२८ मध्ये सायमन आयोगाला अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल निवेदन देताना बाबासाहेबांनी आकड्यांच्या सोबत ही हकिगतही मांडली. त्यांना ठाऊक होतं, नुसता आकडा पुरत नाही.

ठाऊक असणारच. कारण ते स्वतः एकेकाळी त्या पटावरचा 'एक' होते. त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत साताऱ्याची शाळा आहे. वर्गात सगळ्यांपासून वेगळं बसायचं, स्वतःचं गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई नळ सोडेल तेव्हा प्यायचं. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. आता सांगा, हजेरीपटावर या मुलापुढे काय लागत असेल? 'हजर'. शेजारच्या मुलासारखंच. दोघांचं शिक्षण एकच, असं तक्ता म्हणणार.

म्हणून मला त्या महिन्याचं कॅलेंडर फार बोलकं वाटतं. १२ मार्चला कायदेमंडळात हे भाषण. आणि बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्यावर हजारो लोक पाणी प्यायले. आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो, एक 'शिक्षणविषयक विचार' आणि एक 'सत्याग्रह'. पण १९२३ मध्ये कायदेमंडळात सी. के. बोले यांचा जो ठराव मंजूर झाला होता, त्यात सार्वजनिक पाणवठ्यांसोबत सरकारी शाळाही होत्या. ठराव कागदावर होता, शाळा कागदावर खुल्या होत्या, तळंही खुलं होतं. प्रत्यक्षात जाऊन पाणी पिऊन बघितलं तेव्हा कळलं खुलं म्हणजे किती खुलं: परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. शाळेतला नळ आणि महाडचं तळं, तहान एकच होती.

आज काय? नाव घालण्याचा प्रश्न आपण बराच सोडवला आहे, शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. पण प्रथम संस्थेने २००५ पासून 'असर' नावाचं सर्वेक्षण सुरू केलं, ते मला बाबासाहेबांच्या त्या तिसऱ्या प्रश्नाचं नातेवाईक वाटतं. हे लोक शाळेत जाऊन पट बघत नाहीत. गावात घरोघरी जातात, मुलाच्या हातात कागद देतात आणि म्हणतात, वाच. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, करोनातल्या बंद शाळांनंतर, ते प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास होतं. ही सगळी मुलं पटावर आहेत. गळती थांबली असं तक्ता म्हणतो, पण बाकावर बसून गळणारी मुलं त्यात मोजायची राहून जातात.

मी रोज ज्या नरसाळ्याकडे बघतो, तिथे गळालेला माणूस दुसरं ॲप उघडतो. फार काही बिघडत नाही. त्या ब्याऐंशींना दुसरी शाळा नव्हती. आणि त्यांच्यापैकी कुणी का गेलं, शेतावर गेलं, फी नव्हती, की नळ सोडायला शिपाई नव्हता, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

तुमच्या घरात आजी-आजोबा, पणजी-पणजोबा कितवीत शाळेतून गेले आणि का गेले, हे एकदा विचारून बघा. सांगणारं माणूस अजून घरात असेल तर याच आठवड्यात विचारा. आणि जमलं तर आम्हाला लिहून पाठवा. वर्ष, गाव, इयत्ता आणि कारण, चारच गोष्टी. पुरेशी पत्रं आली तर त्यांच्यावर एक भाग करू.

भेटू पुढच्या भागात.