चार इंच, पाच इंच

हायवेच्या कडेला पत्र्याचं लांबलचक गार्डरेल असतं ना, त्याचा सगळ्यात धोकादायक भाग म्हणजे त्याचं टोक! गाडी थेट टोकावर आदळली तर पत्रा भाल्यासारखा आत घुसू शकतो. म्हणून अमेरिकेत त्या टोकाला एक खास मुंडकं बसवतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांची युक्ती भन्नाट होती. गाडीने धडक दिली की मुंडकं पत्र्यावरून मागे सरकतं, पत्रा त्यातून चपटा होऊन बाजूला पडतो आणि तोवर गाडीचा वेग मरतो.

आता असं नवं उत्पादन तेव्हा मंजूर कसं व्हायचं? आपल्याला वाटेल, सरकार स्वतः गाड्या आदळून बघत असेल. तसं नाही. चाचण्या उत्पादकाने करून घ्यायच्या. १९९३ च्या नियमांप्रमाणे हायवेसाठी ८२० किलोची कार आणि २००० किलोचा पिकअप ताशी १०० किमी वेगाने आदळायचा. फेडरल हायवे खातं रिपोर्ट तपासून पत्र द्यायचं. त्या पत्रावर राज्यांना केंद्राचा पैसा वापरता यायचा. थोडक्यात, कोड रिव्ह्यू!

ट्रिनिटी इंडस्ट्रीजच्या ईटी-प्लस मुंडक्याला २००० साली असं पत्र मिळालं. २००५ मध्ये कंपनीने त्यातल्या एका भागाची रुंदी पाच इंचांवरून चार इंच केली. खात्याकडे गेलेल्या रिपोर्टात या बदलाचा उल्लेखच नव्हता. (नजरचुकीने राहिला, असं कंपनीचं म्हणणं.) खात्याला ते कळलं २०१२ मध्ये, तेही एका प्रतिस्पर्ध्याने सांगितल्यावर. इथे एक लाईन बदलली तरी व्हर्जन कंट्रोल बोंबलतं आणि तिथे सात वर्षं चेंजलॉगच नाही!

त्या प्रतिस्पर्ध्याने सरकारच्या वतीने फसवणुकीचा खटला भरला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ज्यूरीने १७.५ कोटी डॉलरचं नुकसान ठरवलं. कायद्याने ते तिप्पट, वर दंड, असे २०१५ मध्ये ६६.३ कोटी झाले. व्हर्जिनियासकट अनेक राज्यांनी नवी मुंडकी बसवणं थांबवलं. खात्याने पुन्हा आठ चाचण्या करवल्या आणि सगळ्या पास जाहीर केल्या.

खरी गंमत पुढे आहे. २०१७ मध्ये अपील कोर्टाने निकालच फिरवला. का? तर बदल कळल्यावरही खात्याने जून २०१४ मध्ये 'मंजुरी कायम आहे' असं लिहून दिलं होतं. ज्याची फसवणूक झाली म्हणता तोच 'माझी तक्रार नाही' म्हणतोय, मग फसवणूक कसली? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हात घालायला नकार दिला.

कायद्याने हे बरोबर असेलही. पण मला खटकतं ते वेगळंच. मंजुरी मिळाली होती चाचणीतल्या नमुन्याला, आणि लोक आदळत होते रस्त्यावरच्या मुंडक्यावर. दोन्ही एकच आहेत, हे बघायला टेप घेऊन कोण गेलं होतं? पहिल्या मंजुरीला आपण फार महत्त्व देतो. खरी परीक्षा दुसऱ्या व्हर्जनची असते. पटतंय का?