एका ‘व’ची दोन कामे

गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे. केशवसुतांचे जन्मगाव म्हणून रसिक तिथे आवर्जून जातात. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. पुढल्या पाऊणशे वर्षांत झालेल्या व्याकरणकारांची मते तपासून दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले. माझे व्याकरणाचे शिक्षण शाळेपुरतेच. पुढचे सारे या एका ग्रंथाच्या नादाने झाले.

त्या नादात एक ‘व’ मनात घर करून बसला. ‘मी गाडी चालवतो’ आणि ‘मला चालवत नाही’. धातू एक, प्रत्ययही दिसायला एकच. पहिले रूप प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवणारे. संस्कृत ‘स्थापयति’मधल्या ‘आपय’चे प्राकृतात ‘आवे’ झाले आणि मराठीत ‘अव’ उरले. दुसरे रूप शक्य. ते स्वतःचे बळ सांगते, आणि बहुधा नकारातच. ‘मी’चा ‘मला’ झाला की अर्थ पालटतो.

हा खेळ केवळ आपलाच नाही. आपल्या ‘वाचणे’च्या संस्कृत कुळातलाच एक शब्द समुद्रापार जाऊन इंडोनेशियात ‘बाचा’ झाला. तिथे त्याला देशी उपसर्ग-प्रत्यय जडले: ‘मेम्बाचा’ म्हणजे वाचणे, ‘दिबाचा’ वाचले जाणे, ‘पेम्बाचा’ वाचक, ‘बाचाआन’ वाचायचा मजकूर. आणि ‘ताक तेर्बाचा’ म्हणजे वाचता न येण्याजोगे. तिथला ‘तेर’ही शक्यता सांगतो, आणि पुष्कळदा नकाराच्याच सोबतीने.

आपला शक्य ‘व’ मात्र बोलण्यातून मागे सरतो आहे. माझी आई शेवटच्या वर्षात म्हणायची, “आता जिना चढवत नाही रे.” माझी मुलगी म्हणते, “मी चढू शकत नाही.” चूक काहीच नाही, पण ‘चढता येत नाही’, ‘चढू शकत नाही’ आणि ‘चढवत नाही’ यांत फरक आहे. पहिल्यात कसब नसेल, दुसऱ्यात नुसती अशक्यता. तिसऱ्यात गुडघे आहेत, दम आहे, मन आहे. आईचे हाल मला ‘बघवत नव्हते’; ‘मी बघू शकत नव्हतो’ म्हटले, तर डोळ्यांचा दोष वाटेल.

दामल्यांच्या ग्रंथात हा ‘व’ सुखरूप आहे. पण प्रत्यय ग्रंथात टिकून भागत नाही. तो जिन्यावर, ओसरीवर, घरच्या बोलण्यात ऐकू यावा लागतो.